प्रवाळांतली हजेरी

प्रवाळ बोलत नसले, तरी त्यांची वस्ती कधी गप्प नसते, असं मॅडमनी अभ्याससहलीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी सात विद्यार्थ्यांपैकी दोघं बुडी मारून आवाज टिपणारं यंत्र प्रवाळांच्या कपारीत बांधून यायची आणि सकाळी सोडवून आणायची. ते ऐकून टिपणं काढायचं काम शंकासुराचं. हे नाव वर्गानेच ठेवलेलं. दर वाक्याला हात वर करणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

तिची मावसबहीणही त्याच वर्गात होती. ती हसायला लागली, की कुणीतरी बंद पडलेलं इंजिन चालू करायची खटपट करतंय असं वाटे.

चौथ्या दिवशी नाश्ता आटोपून शंकासुर प्रयोगशाळेत हेडफोन लावून बसली. बारीक कोळंब्यांची तडतड, एखाद्या माशाची घरघर. आणि मध्येच ते इंजिन! पाठोपाठ मावसबहीण ओरडली, "मॅडम, माझ्या पायातलं एक फिन माशाने पळवलं!"

"मासा लंगडा असेल बिचारा," मॅडमचा आवाज. "चला, डोकी मोजते. एक, दोन, तीन..." मोजणी सातपर्यंत गेली.

"यंत्राशी कोण खेळलं गं?" हेडफोन काढून शंकासुराने मावसबहिणीला विचारलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मावसबहीण म्हणाली. "माझी दोन्ही फिनं दाराशी वाळताहेत."

दुपारी सगळ्यांच्या बुडीनंतर ती बोटीत चढली, तेव्हा तिच्या एका पायात फिन नव्हतं. तिने तक्रार केली, मॅडमनी लंगड्या माशाचा विनोद केला, सगळे खो खो हसले. शंकासुर तेवढी हसली नाही. हे सगळं तिने सकाळीच ऐकलं होतं.

पाचव्या सकाळी यंत्रात पुन्हा मोजणी निघाली. "...पाच, सहा." मग मॅडमचा पडलेला आवाज, "थांबा, पुन्हा मोजते." पुन्हा सहाच.

शंकासुराने हेडफोन ओढून काढले आणि मावसबहिणीला गाठून सगळं सांगितलं.

"कोण कमी आहे?" मावसबहिणीने विचारलं. आता तीही हसत नव्हती.

"नुसते आकडे आहेत."

"मॅडमना सांगू या?"

"काय सांगणार? दुपारचं सकाळी ऐकू आलं?" शंकासुर थबकली. "सहाच व्हायला हवेत ना? मग मी येतच नाही!"

पोटदुखीचं सोंग इतकं झकास वठलं, की मॅडमनी स्वतः तिला गोळी दिली. बोट गेली. ती खिडकीशी नखं खात बसली. बोट दिसताच अनवाणी धक्क्यावर धावली. सहाही डोकी जागच्या जागी! तिने मावसबहिणीला ओलीचिंब मिठी मारली.

"अगदी तसंच झालं," मावसबहीण म्हणाली. "तू आली नाहीस हेच मॅडम विसरल्या. सहावर अडकल्या, चेहरा पांढराफटक! पुन्हा मोजलं, तर कुणीतरी तुझ्या आवाजात 'सात' म्हणालं. इतकं हुबेहूब, की आमची हसून मुरकुंडी वळली."

"कोण म्हणालं?"

"कुणी कबूलच होईना."

शंकासुरही पोटभर हसली. मग सकाळी ऐकायचा राहिलेला भाग ऐकायला एकटीच प्रयोगशाळेत गेली.

मॅडमचा आवाज, बोटीतला हशा, सगळं वरून आलेलं, पाण्यातून गाळलेलं, अस्पष्ट.

'सात' मात्र स्पष्ट होतं.

यंत्राला ओठ टेकवून म्हटल्यासारखं.