उपाशी आईचं एक मिनिट

बॅगेची चेन तुटली नसती तर दोघंही सुखात राहिली असती. पण तुटली मेली!

कॅमेऱ्याची बॅग तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून तो कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिरला. मशीनवर बसलेली ती मान वर न करताच म्हणाली, "उद्या या."

"उद्या? अहो, आत्ता शूटिंग आहे!"

"मग बॅग ठेवून जा."

तो खळखळून हसला. तिनं मान वर केली… आणि तिथेच फसली.

मग त्याचं रोज काही ना काही फाटायला लागलं. कधी खिसा, कधी बाही. एकदा तर शिवण चक्क ब्लेडनं उसवलेली.

"हे मुद्दाम केलंय."

"कळलं वाटतं…"

"सहा वर्षं हेच करतेय मी. आता काय, अख्खा शर्ट फाडून आणणार?"

"तू म्हणशील तर—"

त्या दिवसापासून अहो-जाहो संपलं.

तो एका संस्थेसाठी व्हिडिओ करायचा. जगातली गरिबी तरुण पोरांना कळावी म्हणून, फोनवर बघायचे, एकेक मिनिटाचे.

"एका मिनिटात मावते होय रे गरिबी?"

"मावावी लागते. पोरं तीन सेकंदांत पुढे सरकतात. तेवढ्यात काळीज हललं पाहिजे."

किती तळमळीनं सांगायचा! ऐकताना तिच्या सुईत दोरा जायचा नाही.

चौथ्या महिन्यात तिनं त्याला घरी नेलं. आईला पसंत पडला की याच्याशीच लग्न, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा. पण आईचा थाट विचारू नका! आग्रह करकरून तिनं त्याला जेवायला घातलं, दुकानाच्या मालकाची नक्कल करून दाखवली आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्यानं कॅमेरा काढला. "आठवण म्हणून," म्हणाला. आईनं हसत हसत मनगटानं डोळे पुसले.

तो गेल्यावर आई म्हणाली, "पोरगा चांगला आहे गं. हातचा सोडू नकोस."

तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाईक मुलीनं तिच्यासमोर फोन धरला. "ही तुझी आई ना गं?"

आईच होती. डोळे पुसणारी आई, अगदी संथ केलेली. हसणं कापलेलं, आवाज काढलेला, त्या जागी रडकं संगीत. खाली अक्षरं: 'ही आई आजही उपाशी झोपेल.' चाळीस लाख पोरांनी पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली एक बाई उरलंसुरलं अन्न घेऊन दारात उभी राहिली. आईनं मुकाट्यानं दार लावलं. आठवडा झाला, ती घराबाहेर पडली नाही.

तो दुकानात आला तेव्हा तिनं मशीन थांबवलं नाही.

"काढ तो व्हिडिओ."

"अगं, ऐक तरी… नाव कुठे दिलंय? पोरं रडतायत, शाळाशाळांतून दाखवतायत. चांगल्यासाठीच केलं ना?"

"आई हसत होती रे."

"हसणारी आई कोण बघणार?" बोलून गेला, आणि जीभ चावली त्यानं. "बरं, काढतो. शपथ. फक्त परवा काढतो… उद्या मोठा कार्यक्रम आहे, तिथे हाच दाखवायचाय."

"म्हणजे अजून दोन दिवस माझी आई उपाशी."

तो एकदम जवळ आला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. खरं सांगतो. लग्न करशील माझ्याशी?"

खरंच होतं ते. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि तेच तिला सोसेना. याच शब्दांची तिनं चार महिने वाट पाहिली होती.

"करणार होते," ती म्हणाली.

तो गेला. तिनं पुढची पँट सुईखाली घेतली. टीप वाकडी गेली. तिनं ती उसवली, आणि पुन्हा घातली.