बाबांचा सॅक्सोफोन

“दादा, खरं सांग, चोरून सिगारेटी ओढतोस ना?”

भर तालमीत, अख्ख्या बँडसमोर, सख्ख्या धाकट्या भावाने हा प्रश्न विचारला आणि दादाच्या काळजात कळ उठली... सॅक्सोफोनवरचा त्याचा सूर अर्ध्यातच तुटला होता, छाती धपापत होती. वडिलांमागे स्वतःचं शिक्षण सोडून ज्याला लहानाचं मोठं केलं, तोच आज चारचौघांत त्याची अब्रू काढत होता!

“तुझ्या गळ्याची शपथ...” पण शपथ पुरी करायलाही दम लागतो. पुढचे शब्द खोकल्याने गिळले.

त्याच दिवशी त्याने वडिलांचा सॅक्सोफोन धाकट्याच्या हाती ठेवला. ते वाद्य म्हणजे घरातलं दैवतच! बाहेरून आरशासारखं लखलखीत ठेवायचं, पण आतून धुवायचं नाव काढायचं नाही. “त्यात बाबांचा श्वास आहे,” असं दोघे भाऊ म्हणत आणि डोळे टिपत. ते सोडताना दादाचं आतडं तुटलं.

“तू वाजव. घरात शांतता राहू दे, बस!”

दादाच्या बायकोने मात्र दिरावरचा राग बिचाऱ्या भांड्यांवर काढला.

दादा आता बँडच्या खुर्च्या मांडू लागला. आणि नवल असं की, त्याचा दम हळूहळू परत आला! खोकला पळाला, जिना चढताना थांबणं सुटलं.

“सुटली वाटतं सिगारेट,” धाकटा कुजकटपणे म्हणाला. दादाने पुढची खुर्ची उचलली.

हिवाळा सरता सरता मात्र धाकटाच धापा टाकू लागला. एका कार्यक्रमात तो वाजवता वाजवता मंचावरच खाली बसला. दादाने धावत जाऊन त्याला छातीशी धरलं... तीच धाप, तोच कोरडा खोकला! दादाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तू ओढतोस सिगारेट?”

“नाही रे दादा... तुझी शपथ!”

“मीही ओढत नव्हतो, वेड्या!”

एका हाताने भावाला आणि दुसऱ्या हाताने सॅक्सोफोनला धरून त्याने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दोघांची हकिगत ऐकली, छातीचे फोटो काढले, वाद्याच्या नळीतून कापूस फिरवून तपासायला पाठवला. आत बुरशी निघाली.

“वाजवताना हीच श्वासाबरोबर आत जाते. फुप्फुसांना तिचं वावडं आहे,” बाई म्हणाल्या. “वेळेत आलात, औषधाने बरं वाटेल. पण हे साफ झाल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही!”

धाकटा ढसाढसा रडू लागला. “दादा, मी तुला काय काय बोललो रे...”

“आणि मी तुझ्या हातात आजार दिला. फिट्टंफाट!”

दुरुस्तीवाल्याने वाद्य सुटं करून धुवायला घेतलं, तेव्हा धाकटा कळवळला. “बाबांचा श्वास जाईल...”

“बाबांनी आपल्याला श्वास कोंडायला नाही, वाजवायला शिकवलं,” दादा म्हणाला. नळीतून काळं पाणी निघालं, तशी त्याची बायको नाक दाबून म्हणाली, “आता या दैवताला रोज आंघोळ घाला बरं!”

पुढच्या कार्यक्रमात, औषधांनी सावरलेला धाकटा माइकसमोर उभा राहिला. “मी माझ्या भावावर सगळ्यांदेखत खोटा आळ घेतला होता. म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतो. आज वाजवणार तो दादाच!”

दादाने डोळे पुसले आणि सूर लावला... लांब, भरदार, अखंड सूर! धाकट्यानेही हट्टाने त्याच्याबरोबर आपला श्वास रोखून धरला. पण तो कुठला टिकतोय? हसत हसत त्याने हार मानली, आणि दादाचा सूर चालूच असताना सभागृहातली पहिली टाळी त्यानेच वाजवली.