आधी सूर, मग शब्द

१६ सप्टेंबर १९८६, मंगळवार. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही.

दुपारी रेकॉर्डिंगचं मशीन गाडीत घालून वायनेल टिडमोरच्या गावी, तिच्या लहानपणच्या चर्चमध्ये गेलो. अलाबामातलं हे लाकडी चर्च आता आठवडाभर बंदच असतं. वायनेलच्या सगळ्या रेकॉर्ड मीच केल्या आहेत. तिच्या गाण्यात अर्धं चर्च आणि अर्धा गुत्ता आहे, असं लोक म्हणतात. ती म्हणते, गुत्ता माझा, चर्च ऑर्लीनचं. ऑर्लीन तिची धाकटी बहीण. लहानपणापासून दोघी जोडीने गायच्या. वायनेलने उचलायची ओळ आली की ऑर्लीन तिला कोपराने ढोसायची. ऑर्लीन गेल्यापासून वायनेल कुठेही गायली, तरी उजवीकडे एक रिकामा माइक ठेवते.

आजही ठेवला. तो बंद करू का, असं मी विचारलं.

"चालूच ठेव. ती तुझ्यासारखी बडबडी नव्हती."

गाणं ऑर्लीनवरचं, नवंकोरं. दोन कडवी झाली होती. तिसरं कित्येक महिने सुचत नव्हतं. ते ऑर्लीनकडूनच यावं म्हणून ती इथे आली होती. उकडलेल्या शेंगा सोलता सोलता तिने हे सांगितलं. मी हसलो नाही.

ती गायली. मग मी हेडफोन लावून टेप ऐकली. डाव्या कानात वायनेलचे शब्द. उजव्या कानात, फार लांबून, दुसरा आवाज... फा... सोल... ला...

मी हेडफोन तिच्या हातात दिले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"शब्द का नाहीत?" मी हळूच विचारलं.

"तिला नवं आहे ना, हॉलिस... आमच्या चर्चची रीत विसरलास? नवं गाणं आधी फा-सोल-ला अशा नुसत्या सुरांच्या नावांनी म्हणायचं. शब्द दुसऱ्या खेपेला." तिने डोळे पुसले. "पुन्हा रेकॉर्डिंग लाव."

दुसऱ्या खेपेला दोन कडवी गाऊन ती थांबली. उजवीकडे बघत बसून राहिली. खोलीत ओल्या लाकडाचा वास दाटला होता. एवढासाही आवाज नव्हता. मशीनवर उजव्या माइकचा आवाज दाखवणारा काटा मात्र हलायला लागला. मी टेप थांबवली नाही. जरा वेळाने वायनेल एका बाजूला किंचित सरकली, कुणी ढोसल्यासारखी. मग डावा काटाही हलला.

गाणं तीन कडव्यांचं निघालं. तिसऱ्यात दोन आवाज आहेत, उजवीकडे ऑर्लीनचा, डावीकडे वायनेलचा. ते टेपवर उतरत होतं तेव्हा वायनेलचे ओठ मिटलेले होते.