पिवळ्या रंगातली बोडी

मे महिन्याच्या भर दुपारी आपल्याच शेतातल्या बोडीच्या, म्हणजे पावसाळी तळ्याच्या, कोरड्या तळाशी एक अनोळखी तरुण तिपाईवर कसलंतरी यंत्र लावून उभा दिसला, तेव्हा दिव्यानीच्या मनात पहिला शब्द आला तो – दलाल. मूल या त्यांच्या शहराचा नवा विकास आराखडा होणार म्हटल्यापासून असल्यांचा सुळसुळाटच झाला होता. कोणाच्या शेतावर घरं होणार, याचा वास त्यांना आधी लागतो. मालकाला मागून कळतं.

"कोन हो तुमी?"

"सर्वेअर. प्रणित." त्यानं घाम पुसला. "आराखड्यासाठी मोजून राह्यलो. थोडं पानी भेटन का?"

पाणी तिनं दिलं. पण ओळखपत्रही मागितलं आणि उलटंपालटं करून पाहिलं. फोटोपेक्षा तो समोर बरा दिसत होता, हे तिनं मनातच ठेवलं.

मग तो येतच राहिला. कधी एक खूण राहिली, कधी टेप विसरला... एका माणसाचं मोजमाप इतक्यांदा राहतं का हो? तिचे बाबा लटारूजी भोळे. त्याला खाटेवर बसवून चहा पाजायचे. दिव्यानी दाराशी डोळ्यांत तेल घालून उभी. आता कागद काढेल, मग सही मागेल. काकांचं शेत अशाच एका गोडबोल्यानं गिळलं होतं. हा मात्र कागद काढेना. तिच्याकडेच बघायचा, आणि नजर भिडली की कपात डोकावायचा.

जुलैत बोडी तुडुंब भरली, धानाच्या रोपांची रोवणी सुरू झाली. त्या दिवशी प्रणित आला, काठावर उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"एवढं पानी... दरवर्षी असते?"

"बोडी आहे. धानाले पानी इथूनच जाते."

तो चहासुद्धा न घेता निघून गेला.

आठवड्याभरात नगर परिषदेत आराखड्याचा नकाशा लागला. बोडी पिवळ्या रंगात होती. पिवळा म्हणजे घरं. बोडी बुजली की खालचं तीन एकर धान संपलंच. म्हणून पळाला होय, दिव्यानी मनात म्हणाली. घरी येऊन ती रडली. जमिनीसाठी की त्याच्यासाठी, ते तिचं तिलाही सांगता येईना. त्याच्या मोटारसायकलचा आवाज ती कान लावून ऐकायला लागली होती, हे कबूल करायचीही आता लाज वाटत होती.

तिनं हरकत लिहून दिली. सुनावणीला सातबारा घेऊन गेली. त्यावर बोडीची नोंद होती. पण सर्वे करणाऱ्या कंपनीचा साहेब म्हणाला, नोंद जुनी आहे, जागेवर नुसता पडीक खड्डा आहे. समितीनं मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कोणीतरी उठलं.

"सर, तो सर्वे माझा आहे," प्रणित म्हणाला. "चूकही माझी आहे."

कोळसा खाणींच्या घुग्घुसला वाढलेला पोरगा तो. खड्डा म्हणजे बंद पडलेली खाण, एवढंच त्याला ठाऊक. मे महिन्यात भेगाळलेला तळ पाहून त्यानं पडीक लिहून टाकलं होतं. जुलैत पाणी पाहिल्याबरोबर दुरुस्ती लेखी दिली, तर कंपनीनं गप्प बसायला सांगितलं. त्यानं भरल्या बोडीचे फोटो टेबलावर ठेवले. समितीनं ते पाहिले, आपसात कुजबुज केली आणि बोडी जशीच्या तशी ठेवायचं ठरवलं. साहेबानं प्रणितचं ओळखपत्र तिथंच काढून घेतलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. ती सायकल स्टँडच्या पत्र्याखाली त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इस्वास ठेवला असता?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाई."

तो हसला. "एक सांगू का... तुमच्याकडचा सर्वे मे महिन्यातच संपला होता. नंतर मी तुमच्यासाठीच येत होतो. आता नोकरीही गेली. मूलले यायले काई कारणच नाई राह्यलं."

दिव्यानीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. खोटं शोधायची सवय लागली होती ना तिला. कुठंच सापडलं नाही.

"मंग रविवारी या," ती म्हणाली. "बिनकारनाचे."