बांधावरची ओ

यातलं काहीच मी रचलेलं नाही. माझे साडू दिलीपराव यांच्या घरी हे घडलं. ते घर आजही तिथेच आहे. नवी मुंबईत कोपरखैरणे, तीन टाकी नाक्यापासून जवळ.

मागच्या मे महिन्यातली संध्याकाळ. दिलीपराव दूध घेऊन परतले.

दार सताड उघडं होतं.

पंखा चालू. टीव्ही चालू. आणि जयमाला... नव्हती.

त्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार. घरातून निघाली, तर परतीचा रस्ता तिला सापडणार नव्हता.

"काकू खाडीकडे चालत गेल्या," नाक्यावरचा रिक्षावाला निखिल म्हणाला. "बसता का विचारलं, तर बोलल्या, लग्नाला जायचंय. टेन्शन नका घेऊ काका, बसा."

रस्ता संपला तिथे दोघे उतरले. पुढे नुसती तिवरांची झाडी. अंधारून आलं होतं.

दिलीपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर बायकोला नावाने हाक मारली.

"जयमाला..."

रातकिडे थांबले.

मग तिवरांतून हळूच आलं...

"ओ."

ती चालत आली. साडी तीच, चष्मा तोच. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी हात धरला. गार होता. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

परतताना बोनकोड्याच्या नाक्यावर मासळीवाली कमळी टोपली आवरत होती. रिक्षातल्या जयमालाला पाहून ती उठलीच.

"साहेब, नाव घेऊन हाक मारली का?"

"मग काय शिट्टी मारू?"

"तिथं पयलं खाजनाचा, खाऱ्या शेतीचा बांध व्हता. दिवं लागल्यावर आमी बांधावर कोनाला नावानं हाक नाय मारत. आपला मानूस लांब असला, त दुसराच कोन तरी ओ देते."

जयमाला कमळीकडे पाहून हसली.

कमळीने मान फिरवली.

तेव्हापासून जयमाला काही विसरत नाही. गॅस बंद करते. गोळ्या स्वतः घेते. डॉक्टर खूश आहेत.

"आई किती सुधारलीय," मुलगी श्रुती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणते. "तुमचंच तोंड का एवढं उतरलेलं, बाबा?"

दिलीपराव काय सांगणार? जयमाला त्यांना 'अहो' म्हणायची. आजारात मुलीचं नाव गेलं, माहेर गेलं, तेवढी हाक राहिली होती.

आता ती त्यांना काहीच म्हणत नाही. समोर येऊन उभी राहते. ते बघेपर्यंत.

एकदा दिवेलागणीला ते बाल्कनीत बसले होते. खाडीकडून बारीक आवाज आला...

"अहो..."

आत पोळ्या लाटल्या जात होत्या.

लाटण्याचा आवाज थांबला.

आता ते रोज संध्याकाळी रस्ता संपतो तिथे जातात. तिवरांतून ती बोलावत असते. दमलेली. घाबरलेली. एक हाक मारली, तर कदाचित आवाजाच्या रोखाने येईल.

पण ओ कोण देईल?

ते तोंड मिटून उभे राहतात. मग घरी येतात.

बेल वाजवायच्या आत दार उघडतं.