रेघ हलते का बघ

बायको गेल्यावर काही आठवड्यांनी अंधांच्या वाचनालयातून फोन आला. "ताईंनी घरी वाचून रेकॉर्ड केलेलं शेवटचं प्रकरण पाठवाल का?"

त्याने कॉम्प्युटर उघडला. फाइल होती, लांबीही बरोबर होती. पण बोलताना पडद्यावर वरखाली होणारी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट होती. त्या दिवशी त्याला कळलं, तिचा शेवटचा आवाजही गेला.

त्यांची ओळखच अशा रेघेवरून झाली होती. वाचनालयातले युनिक्स प्रणालीवर चालणारे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. एकदा ती काचेच्या खोलीतून तणतणत बाहेर आली.

"अख्खं प्रकरण वाचलं. तुमच्या यंत्राने एक शब्द घेतला नाही."

त्याने पाहिलं. "माइक म्यूट होता."

"मग इतका वेळ मी कुणाला वाचून दाखवलं?"

"मी होतो ना... काचेच्या बाहेर."

"ऐकू काय आलं?"

"काहीच नाही. पण उठवेना."

ती हसली. त्यानंतर तो माइक वरचेवर बिघडू लागला.

"यंत्रांचे डॉक्टर, रेघ पुन्हा झोपली," एकदा ती म्हणाली.

"आज काय झालं?"

"काही नाही... वायर मीच काढली."

लग्नानंतर ती घरीच वाचायची. "आधी रेघ हलते का बघ," तो रोज सांगायचा. "तुम्ही आहात ना बघायला," ती म्हणायची.

तिने शेवटचं प्रकरण वाचलं, त्या दिवशी तो तिची औषधं आणायला गेला होता. कॉम्प्युटर अडकला, म्हणून तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. त्याला दोन माइक होते. एक तिचा, आणि एक आतला, पंख्याची घरघर येते म्हणून त्याने म्यूट केलेला. कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकाच्या माइकचाच आवाज घ्यायचा, आणि पुन्हा चालू होताना कधीकधी त्यांचा क्रम उलटा व्हायचा. तसाच तो झाला. धाप लागत असताना तिने सगळं प्रकरण म्यूट माइकला वाचून दाखवलं.

आता त्याने तिचा माइक नावानिशी नेमून दिला. क्रम बदलला तरी चुकणार नाही.

वाचनालयातून पुन्हा विचारणा झाली. फाइलमध्ये आवाजच नाही, हे त्याने सांगितलं. "मग तुम्हीच वाचा ना. ऐकणारे थांबलेत."

त्याने पुस्तक उघडलं. श्वास जिथे घ्यायचा, तिथे ती पेन्सिलने खूण करायची. आधी खुणा ओळीच्या शेवटी होत्या. शेवटच्या प्रकरणात दर दोन-तीन शब्दांवर होत्या.

प्रत्येक खुणेवर थांबत त्याने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचवेना.

माइक नीट आहे. रेघ हलते. प्रकरण वाचायचं राहिलं आहे.