आठ कोरे तास

अनुजा मगदूमचं बाळ पोटात पुरेसं झोपत नाही, असा शेरा सलग नवव्या दिवशी आला आणि दहाव्या दिवशी तिला यंत्रमागावरून उठवून घरी पाठवलं.

त्या काळात प्रत्येक गरोदर बाई सातव्या महिन्यापासून गर्भपट्टा बांधायची. मऊ कापडी पट्टा, आत तांदळाच्या दाण्याएवढे शेकडो सोनोग्राफीचे डोळे. ते पोटात ध्वनिलहरी सोडत आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून बाळाचं चित्र उभं करत. हातपाय हलतात का, मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं फिरतात का, हृदयाचे ठोके एकसारखे पडतात का, एवढ्यावरून बाळ गाढ झोपलंय, चाळवलंय की जागं आहे ते यंत्र ठरवी. दिवसभराच्या या नोंदीला निद्रालेख म्हणत. मेंदू झोपेत घडतो, म्हणून बाळाला रोज अठरा तास झोप मिळाली पाहिजे असा नियम होता. कमी भरली, की आईला सक्तीची विश्रांती.

अनुजा इचलकरंजीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं यंत्रमाग चालवत होती. तिचा लेख बारा तासांवर कधी गेलाच नाही. घरी बसवल्यावर तो अकरावर आला.

"बघितलंसा मॅडम?" ती डॉ. मृदुला हेरवाडकरांना म्हणाली. "घरात बसून आणि कमी झालं. ते मागाच्या आवाजात झोपतंय. माग सुरू झाला की गप्प, बंद झाला की लाथा. मला कळतंय की!"

हा पट्टा घडवणाऱ्या चमूत हेरवाडकर होत्या. पंधरा वर्षं त्यांनी न जन्मलेल्या बाळांची झोप पाहण्यात घालवली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशावरून कळतं?"

"कशावरून म्हणजे? पोट माझं हाय."

डॉक्टरांनी जुने लेख उघडले. रोज सकाळी आठ ते दुपारी चार लेखाची पट्टी कोरी होती. मागाच्या हादऱ्यांनी प्रतिध्वनी विस्कटत होते, पट्ट्याला काही दिसत नव्हतं. आणि कोऱ्या जागेपुढे यंत्रानं आपोआप लिहिलं होतं : जागं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कारखान्यात गेल्या. अनुजा अर्धा तास चालू मागापाशी उभी राहिली. तिचा नवरा सुकुमार तिथलाच, माग दुरुस्त करणारा. डॉक्टरांनी खूण करताच त्यानं खटका ओढला. धडधड थांबली, त्याच क्षणी डॉक्टरांनी हातातलं यंत्र पोटावर टेकवलं. पडद्यावर बाळ निवांत पडलं होतं. बुबुळं स्थिर, ठोके एका चालीत. गाढ झोप. दोन मिनिटं गेली. मग बाळानं हात ताणला, तोंड उघडलं आणि एक सणसणीत लाथ मारली.

"सांगत नव्हते?" अनुजा ओरडली. एवढे दिवस कोंडलेला राग तिच्या डोळ्यांतून वाहायला लागला. "पहिल्या दिवसापासून सांगतीया! एकानं ऐकलं नाही."

हेरवाडकरांनी पट्ट्याचे नियम ठरवणाऱ्या समितीला लिहिलं : 'न दिसणं म्हणजे जागं असणं नव्हे.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जे दिसत नाही ते झोप म्हणून मोजता येत नाही. सूचनेचा विचार पुढील वर्षीच्या सुधारणेत होईल. तोवर अनुजाला सदतिसावा आठवडा लागला होता. ती घरात पडून दर पाच मिनिटांनी मोबाइलवर लेख बघायची. हिरवी रेघ म्हणजे झोप, तांबडी म्हणजे जाग. तांबडी आली की श्वास रोखून धरायची.

शेवटी डॉक्टरांनी स्वतःचा अधिकार वापरला. 'वैद्यकीय कारणास्तव पट्टा काढला' असं लिहून सही केली. "जा, कामावर जा. तुमचं खरं होतं."

अनुजा दोन दिवस मागावर गेली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती धापा टाकत दवाखान्यात आली. "माग बंद केला तरी हललं नाही. पाव तास झाला."

डॉक्टरांनी तपासलं. "झोपलंय. अगदी छान. पूर्वी तुम्हाला कळायचं ना, हात ठेवला की?"

अनुजानं पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "कळायचं. आता नुसतं कातडं लागतंय हाताला. खरंच झोपलंय की काय झालंय, काही कळत नाही, मॅडम." ती पडद्यावरून नजर काढेना. "पट्टा परत बांधा."

"अहो, मागावर तो आंधळा असतो. तुम्हीच सिद्ध केलंत ते. पुन्हा ते आठ तास जागं म्हणून लिहिले जातील."

"मग मागावर जात नाही."

हेरवाडकर चिडून काही बोलणार होत्या, पण कोणावर चिडायचं ते त्यांना उमगेना. त्यांनी कपाटातून पट्टा काढला. तो बांधून होताच अनुजानं सुकुमारला फोन लावला. मागाची धडधड पलीकडून इथवर ऐकू येत होती.

"माझ्या मागावर दुसऱ्या कुणाला तरी बसव," ती मोठ्यानं म्हणाली. मग मोबाइल कानावरून काढून तिनं हिरव्या रेघेकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "हळू बोल. झोपलंय म्हणून दाखवतंय."